पारोशी

३ मार्च, मंगळवार

दादा,

गेल्या सोमवारी कोणीतरी माझ्या टेबलावर साबण ठेवला आणि मी सगळ्यांचे आभार मानले.

साबण चांगला होता, जाड कागदात गुंडाळलेला. सोबत अंगावर फवारायच्या अत्तराची उंच बाटली. मला वाटलं, भेट आहे. माझा वाढदिवस नव्हता हे मला माहीत होतं, पण लोक कधी कधी वाढदिवसाशिवायही काहीबाही देतात. म्हणून मी उठले आणि एकेका टेबलापाशी जाऊन म्हणाले, "साबणाबद्दल आभारी आहे." पुठ्ठे कापणाऱ्याने मान खाली घातली. मुखपृष्ठं रंगवणाऱ्या दोघींना एकदम खोकला आला. शिवणमावशी तेवढी सुई हातात धरून माझ्याकडे बघत राहिली.

शिवणमावशी तुला माहीत नसणार. ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात ती माझ्यानंतर आली. पुस्तकांच्या सुटलेल्या शिवणी ती घालते, पाठी मी चढवते, त्यामुळे आमची टेबलं समोरासमोर आहेत. दुपारी तिने मला जिन्यात गाठलं.

"बये, तुला खरंच कळलं नाही?"

"काय?"

"साबण का ठेवला ते."

"नाही."

तिने मोठा श्वास घेतला आणि बहुतेक तिला त्याचा पश्चात्ताप झाला, कारण ती एक पायरी मागे सरकली. "वास येतो गं तुझ्या अंगाला. आजचा नाही, पुष्कळ दिवसांचा."

मी विचारलं, किती दिवसांचा. ती म्हणाली, ते मी काय वहीत लिहून ठेवलंय का.

दादा, मला वाटत होतं मी चार दिवसांपूर्वी आंघोळ केली. घरी जाऊन कॅलेंडर पाहिलं. ज्या दिवशी केली त्या दिवशी मी कोपऱ्यात बारीक टिंब काढते. शेवटचं टिंब तेवीस दिवसांपूर्वीचं होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. बाई वाईट नाहीत. "तुमचे हात सोन्याचे आहेत, त्यात वाद नाही," म्हणाल्या, "पण लोकांना शेजारी बसवत नाही. तीन जणांनी लिहून दिलंय. एप्रिलअखेर काही फरक पडला नाही, तर तुमचं टेबल तळघरात हलवावं लागेल." तळघरात बुरशी लागलेली पुस्तकं असतात. खिडकी नाही. तिथे खळ वाळत नाही, दादा. खळ न वाळणाऱ्या खोलीत मी काय करू?

शिवणमावशीच मला डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि त्या डॉक्टरांमुळे तुला लिहावं लागतंय. ते पुढच्या पत्रात लिहीन. एका पत्रात एकच गोष्ट असली की मला बरं पडतं.

सात वर्षांत तू लिहिलं नाहीस, मीही नाही. त्या दिवसाबद्दल मी काहीही लिहिणार नाही. तेव्हा हे पत्र फाडायची गरज नाही.

मनी


१२ मार्च, गुरुवार

दादा,

डॉक्टर माझ्याच वयाच्या आहेत. मला वाटलं होतं, त्या म्हणतील की रोज आंघोळ करत जा. सगळे तेच म्हणतात. जणू मी ही कल्पना पहिल्यांदाच ऐकतेय. त्या म्हणाल्या, "आंघोळ करा असं मी सांगणार नाही. कुठे अडतं ते सांगा."

चव्वेचाळीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी दीड तास बोलले. त्या बाहेर जाऊन पुढच्या पेशंटची माफी मागून आल्या.

मी सांगितलं की आंघोळ हे एक काम नाही. उठायचं, हातातलं सोडायचं, ऊब सोडायची, कपडे काढायचे, मग ती अर्धवट गार, अर्धवट ओली वेळ, जेव्हा पाठीवर पाणी असतं आणि पोटावर नसतं. शॉवरचं पाणी मला पाणी वाटत नाही, टाचण्या वाटतात. साबणाचा वास दिवसभर कोणीतरी कानात बोलत असल्यासारखा चिकटून राहतो. टॉवेल खरखरीत. नंतर ओले केस मानेला लागतात. आणि एवढं सगळं करून झालं की उद्या पुन्हा तेच. माझा स्वतःचा वास मला येतच नाही. भूक लागल्याचंही मला हात थरथरायला लागल्यावर कळतं, तसंच हे.

डॉक्टर म्हणाल्या, याला नाव आहे, ऑटिझम, आपल्याकडे स्वमग्नता म्हणतात. लहानपणापासून असणार, तेव्हा कोणी ओळखली नाही. मी म्हणाले, शब्द चुकलाय. मी स्वतःतच मग्न असते तर वास सगळ्यात आधी मला आला असता. त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. चष्म्याची डावी काच सैल होती. बाबा असते तर त्यांनी तिथल्या तिथे स्क्रू आवळून दिला असता.

आता कामाचं. नक्की निदान लिहायला त्यांना एक फॉर्म भरून हवा आहे. मी सात वर्षांची व्हायच्या आधी मला जवळून ओळखणाऱ्या माणसाने तो भरायचा. आई गेली तेव्हा मी सहाची होते. बाबा नाहीत. उरलास तू. माझ्याशी बोलायची गरज नाही. फॉर्म सोबत आहे, परतीच्या पाकिटावर तिकीट लावलंय, तुझं नावही पाठीमागे लिहिलंय. प्रश्न पंचेचाळीस आहेत.

तू विसरला असशील म्हणून थोडं आठवून देते.

आपल्या दोन खोल्या दुकानाच्या मागे होत्या. पुढे बाबा चष्म्याच्या काचा घासायचे, चाकाचा गुं-गुं आवाज भिंतीतून यायचा, आणि मी त्या भिंतीला कान लावून बसायचे. आईला मला आंघोळ घालायची म्हणजे लढाईच. ती गेल्यावर बाबांनी एकदा प्रयत्न केला. मी त्यांच्या मनगटाला चावले. ते ओल्या हाताने तसेच दुकानात गेले आणि चाक सुरू केलं. त्या दिवशी काच नव्हती चाकावर. नुसतंच फिरत होतं. ते मला आवाजावरून कळलं.

मग तू आलास. तू अकरा वर्षांचा होतास. तू दाराबाहेर पाट टाकून बसलास आणि रेडिओवाल्यासारखं सुरू केलंस: "नमस्कार श्रोतेहो. खेळाडू मैदानात उतरल्या आहेत. हवामान गरम, बादली भरलेली. पहिला तांब्या डाव्या पायावर पडण्याची शक्यता आहे..." आणि मी पहिला तांब्या डाव्या पायावर ओतला. कारण आता मला माहीत होतं की तो तिथेच पडणार आहे. "काय ही फेक! प्रेक्षक उभे राहिले आहेत!" तू स्वतःच टाळ्या वाजवायचास. एकदा तू सांगितलंस की खेळाडू कानामागे गेल्या नाहीत म्हणून पंचांनी खेळ थांबवलाय. मी दोन्ही कानांमागे घासलं. साडेसात मिनिटांत आंघोळ व्हायची.

आणि ती गोळी! तू म्हणायचास, "काय गं पारोशी, आज आंघोळीची गोळी घेतलीस वाटतं?" तीन वर्षं मला वाटत होतं की अशी गोळी असते आणि तुम्ही लोक ती माझ्यापासून लपवता. एकदा मी एकटी औषधांच्या दुकानात जाऊन मागितली. दुकानदाराने गंभीर चेहऱ्याने विचारलं, "लहानांची की मोठ्यांची?" मी म्हणाले, लहानांची. तो म्हणाला, संपली, पुढच्या आठवड्यात येईल. मी पुढच्या आठवड्यात गेले. त्याच्या पुढच्याही. शेवटी त्याने खडीसाखरेचा खडा कागदात बांधून दिला आणि म्हणाला, "ही मात्र आंघोळीनंतर घ्यायची असते." बाबा ही गोष्ट प्रत्येक गिऱ्हाईकाला सांगायचे.

फॉर्ममध्ये हे लिहायचं की नाही ते तू ठरव. प्रश्न क्रमांक एकोणीस पाण्याबद्दल आहे.

मनी


३१ मार्च, मंगळवार

दादा,

पाकीट आलं नाही. टपाल तुझ्या शहरात पोचायला सहा दिवस लागतात हे मी चौकशी करून आले. सहा आणि सहा बारा. आज एकोणीस झाले. मी रागावलेली नाही, नुसतं मोजतेय.

डॉक्टरांनी सांगितलंय की रोजचा नाद सोडा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी. बुधवार आणि शनिवार. मधल्या दिवशी ओल्या फडक्याने काखा, मान, पाय. शॉवर बंद, बादली चालू. बिनवासाचा साबण. मी केसही कापून घेतले, अगदी कानाच्या वर. न्हावीणबाई विचारत होत्या, "नक्की ना? रडणार नाही ना?" मी म्हणाले, मी ओल्या केसांनी रडते, कापलेल्या नाही.

चार आठवड्यांतल्या आठ वेळांपैकी पाच जमल्या. शिवणमावशी मला रोज सकाळी बघते आणि गरज पडली तर दोनच शब्द बोलते: "बये, आज." मला ते फार सोयीचं पडतं. नाक मुरडणं, खिडकी उघडणं, खोकणं यांतलं मला काही कळत नाही. शब्द कळतात. रंगवणाऱ्या दोघी म्हणतात की तोंडावर असं बोलणं क्रूरपणा आहे. मला तर साबण ठेवून गुपचूप जागेवर जाऊन बसणं जास्त क्रूर वाटतं. पण त्या माझ्याशी चांगल्या वागतात आता. एकीने मला मऊ टॉवेल कुठे मिळतो ते सांगितलं.

तू शिकायला गेलास तेव्हा मी तेरा वर्षांची होते. गाडी सुटताना तू म्हणालास, "आता तूच स्वतःचं वर्णन करत जा." मी केलं. मोठ्याने, दार लावून. काही महिने जमलं. पण स्वतःचं वर्णन करताना पुढे काय होणार ते आपणच ठरवायचं असतं, आणि तेच तर मला जमत नव्हतं. एक दिवस मी "खेळाडू मैदानात उतरल्या आहेत" म्हणाले आणि पुढचं वाक्य सापडेना. कपडे घालून बाहेर आले. बाबा दाराशी उभे होते. त्या दिवसापासून ते बाथरूमच्या बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचायचे. वर्णन त्यांना येत नव्हतं. ते नुसती पानं उलटायचे, जरा जास्तच आवाज करत. पान उलटलं की मी एक तांब्या घ्यायचे. तुला हे माहीत नाही. सुट्टीत तू यायचास तेव्हा मी स्वच्छ असायचे आणि तुला वाटायचं, मनी सुधारली.

बाबा आजारी पडले तेव्हा पेपर बंद झाला. त्या वर्षाबद्दल मी लिहिणार नव्हते. थांबते.

मनी


१४ एप्रिल, मंगळवार

दादा,

पाकीट आलं. सोबत चिठ्ठी नव्हती. पण फॉर्मच्या मागे तू स्वतःचे सात कागद जोडलेस. डॉक्टर म्हणाल्या, आजवर एवढा भरलेला फॉर्म त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी प्रत काढून मूळ मला दिला. मी तो पाच वेळा वाचलाय.

प्रश्न एकोणीस. मुलाची पाण्याबद्दलची प्रतिक्रिया. तू लिहिलंस: "आधी सांगून ओतलं तर चालायचं. न सांगता ओतलं तर किंचाळायची. मला वाटतं, कोणालाही न सांगता काही करू नये."

प्रश्न सव्वीस. विशेष आवडी. "बाबांच्या दुकानातले काचांचे नमुने नंबराप्रमाणे लावून ठेवायची. एकदा बाबांचा नंबर चुकला होता तो हिने नुसतं बोट फिरवून पकडला. तेव्हा ती पाच वर्षांची होती. बाबा आठवडाभर हेच सांगत फिरत होते."

प्रश्न एकतीस. मूल इतर मुलांशी कसं खेळायचं? तू एकच शब्द लिहिलास. "माझ्याशी."

निदान लिहून मिळालं, दादा. बाईंनी ते फाइलमध्ये लावलं आणि तळघराची गोष्ट मागे घेतली. माझं टेबल आहे तिथेच राहणार. मी बाईंना म्हणाले की वास तर निदानाने जाणार नाही. त्या म्हणाल्या, "नाही. पण आता तो घालवायला आम्ही मदत करायची असते, एवढं मला समजलं."

तुझ्या शेवटच्या कागदावर खाली तू एक ओळ लिहून खोडली आहेस. पेनाने चार वेळा आडवं. खोडलेलं वाचणं हे माझं कामच आहे. कागद दिव्यावर तिरका धरला की अर्ध्या मिनिटात कळतं. मी दिवा लावला होता. मग विझवला. तू खोडलंस म्हणजे ते मी वाचू नये असं तुला वाटलं. सांगायचं असेल तर न खोडता सांग.

पण तू सात कागद लिहिलेस, म्हणून आता मीही लिहिते. त्या दिवसाबद्दल.

बाबा हॉस्पिटलात होते ते अकरा दिवस मी त्यांच्या पलंगाजवळच्या खुर्चीवर होते. त्यांचे पाय गार पडायचे, मी चोळत बसायचे. घरी गेले नाही. घरी गेले तर परत यायची सगळी कामं पुन्हा पहिल्यापासून करावी लागली असती आणि त्यातलं एखादं मध्येच अडलं असतं. म्हणून गेलेच नाही. नवव्या दिवशी तू आलास. अकराव्या दिवशी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी तू मला दाराबाहेर घेऊन गेलास आणि म्हणालास, "सिस्टरने तक्रार केलीय. तुला असं आत ठेवता येणार नाही म्हणते. घरी जा, स्वच्छ होऊन ये."

मी घरी गेले. बादली भरली. स्टुलावर बसले. कपडे काढायला हात उचलले आणि ते उचललेच जाईनात. तू म्हणशील, असं कसं होईल. मलाही माहीत नाही असं कसं होतं. डॉक्टर म्हणाल्या, फार थकलं की होतं. पाणी गार झालं. ते ओतून पुन्हा गरम भरलं. तेही गार झालं. तीन वेळा. बाहेर कोणी पान उलटत नव्हतं. मी स्वतःला मोठ्याने सांगत होते, ऊठ, बाबा तिकडे आहेत, ऊठ. मी तिथे बसून रडत होते, दादा, रुसून बसले नव्हते. तुला वाटलं मी रुसले.

एक वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

मी तशीच आले, त्याच कपड्यांत. वॉर्डाच्या दारात तू मला पाहिलंस आणि म्हणालास, "तीन तास काय करत होतीस? एवढंसुद्धा जमलं नाही तुला?" मी उत्तर दिलं नाही. कारण उत्तर "नाही" असं होतं, आणि ते तुला दिसतच होतं.

शिवणमावशीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "अगं, मग नाही जमलं तर तशीच परत का नाही गेलीस?" तू म्हणाला होतास, स्वच्छ होऊन ये. मी स्वच्छ झाले नव्हते, म्हणून मला येता येत नव्हतं. न होताही येता आलं असतं, दाराबाहेर उभं राहता आलं असतं, तुला हाक मारता आली असती, हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

एवढंच.

मनी


५ मे, मंगळवार

दादा,

तुझं पत्र शुक्रवारी आलं.

सिस्टर काहीच बोलली नव्हती. असं तू लिहिलंस. अकरा वाजता तुझे सासरे आणि तुझ्या ऑफिसचे मोठे साहेब बाबांना बघायला येणार होते, आणि मी तिथे त्या अवस्थेत बसलेली तुला दाखवायची नव्हती. स्वतःच्या तोंडाने सांगवेना म्हणून तू सिस्टरचं नाव घेतलंस. ते दोघं आले, दहा मिनिटं थांबले आणि गेले. पाऊण वाजता बाबा गेले. आणि मग मला ओरडून बोलणं तुला सोपं वाटलं, कारण नाहीतर तुला स्वतःला बोलावं लागलं असतं. तू लिहिलंस की सात वर्षं तू पत्र सुरू करायचास आणि "प्रिय मनी"च्या पुढे जायचा नाहीस.

मी शुक्रवारी रागावले. शनिवारी आंघोळीचा दिवस होता, केली नाही. रविवारी रागावले. सोमवारी तुझं पत्र फाडलं, आणि मग चिकटवलं. बारीक कागद आणि खळ लावून, मागच्या बाजूने, एकही अक्षर झाकू न देता. काम चांगलं झालंय. शिवणमावशी म्हणाली, "फाडायचंच होतं तर एवढं नीट कशाला जोडलंस?" मी म्हणाले, फाडणं रागाचं होतं, जोडणं माझं आहे.

राग कशाचा आला ते सांगते. माझ्या अंगाला वास येत होता हे खरंच होतं. ते तू सांगितलं असतंस तर मी चिडले नसते. मी विचारलं असतं, किती वाजता येणार ते लोक? आणि मी अर्धा तास खाली बाकावर जाऊन बसले असते. एवढं सोपं होतं, दादा. अर्धा तास.

आणि सिस्टर. ती माझ्याच रस्त्यावर राहते, हे तुला माहीत नसेल. मी ज्या दुकानातून पाव घेते तिथूनच ती घेते. सात वर्षं ती दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडे जाते. पावसात, चिखलात, हातात पिशव्या असल्या तरी. मी त्या बाईचा इतका द्वेष केलाय की तिच्या छत्रीचा रंगही मला आवडेनासा झाला. आणि तिने काहीच केलं नव्हतं.

म्हणून काल संध्याकाळी मी रस्ता ओलांडला नाही. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मी तुमचा सात वर्षं विनाकारण राग केला. त्याबद्दल माफ करा."

ती गांगरली. "कोण तुम्ही?"

मी सांगितलं. बाबांचा पलंग, खिडकीजवळचा, अकरा दिवस. मग तिला आठवलं. "चष्म्याचं दुकान होतं त्यांचं? तुम्ही त्या, पाय चोळत बसायच्या त्या?"

"हो. माझ्या अंगाला वास येत होता."

"येत असेल," ती म्हणाली. "अहो, आमच्या वॉर्डात कशाकशाचे वास येतात ते सांगितलं तर तुम्हाला हा पाव घशाखाली उतरणार नाही. तुम्हाला कशाला उठवेन मी? तुम्ही पाय चोळायचात तेवढं आमचं एक काम कमी."

मी विचारलं, त्या दिवशी सकाळी मी गेल्यावर बाबांनी मला विचारलं का.

तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "खरं सांगू? आठवत नाही हो."

मला ते आवडलं. "विचारलं होतं" असं तिने सहज सांगितलं असतं आणि मी जन्मभर ते धरून बसले असते. आम्ही कोपऱ्यापर्यंत बरोबर चाललो. ती दोन घरं आधी राहते.

राग अजून आहे. पण तो आता तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही. आणि तुझ्यावर रागावणं मला त्या मानाने सोपं जातं. लहानपणी पुष्कळ सराव झालाय.

मनी


९ मे, शनिवार

दादा,

पत्राच्या शेवटी तू विचारलं होतंस की येऊ का. मागच्या पत्रात मी त्याचं उत्तर दिलं नाही. विसरले नव्हते. चार दिवस लागले.

ये. चोवीस तारखेला रविवार आहे, तेव्हा ये. वहिनीला आणायचं असेल तर आण, पण आधी कळव, खुर्च्या दोनच आहेत. दुकान विकलं तरी मागच्या दोन खोल्या आपल्याच आहेत. भिंतीपलीकडे आता चाक नाही, कोणीतरी किल्ल्या बनवतो. तोही आवाज बरा आहे.

शनिवारी माझा आंघोळीचा दिवस असतो. जमला तर रविवारी मी एका दिवसाची असेन. नाही जमला तर चार दिवसांची. हे आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे दार उघडल्यावर तुला तोंड सांभाळावं लागणार नाही. मी दार उघडेन, तू आत ये, बस. मी चहा ठेवीन.

वास आला तर सांग. पण तुझ्याच नाकाला आला असं सांग.

मनी